खिडक्यांखालचं वाळवण

एप्रिल सरत आला की आमच्या गल्लीतल्या लोकांना घरं उघडायची घाई होते. शिकागोचा हिवाळा माणसाला निम्मं वर्ष कोंडून ठेवतो, त्यामुळे पहिला उबदार शनिवार उजाडला की आजूबाजूच्या खिडक्या एकापाठोपाठ वर सरकायला लागतात. वस्ती जुनी आहे. घरं पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेली, लाकडी, आणि खिडक्याही तेव्हाच्याच. खिडकीला दोन सरकत्या चौकटी, एक वर आणि एक खाली. चौकटीला दोरी बांधलेली असते, ती कप्पीवरून भिंतीच्या पोटात उतरते आणि तिच्या टोकाला लोखंडी वजन लटकत असतं. चौकट वर ढकलली की ते वजन भिंतीच्या आत खाली जातं आणि जाताना फळ्यांवर आपटतं. लोकांना तो वसंत आल्याचा आवाज वाटतो. मला नाही.

हे दिवस आले की मला दोन हजार दोनचा उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, तो येऊन बसतोच. त्या उन्हाळ्यात माझ्या दीड वर्षाच्या मुलीच्या, सईच्या, रक्तात शिसं सापडलं. ते या खिडक्यांच्या रंगातून आलं होतं. सई आता सात वर्षांची आहे, पहिलीत जाते, समोरचे दोन दात पडलेत. त्या शिशानं तिच्यातलं काही नेलं का, आणि नेलं असेल तर काय, हे मला अजून कळलेलं नाही.

हे घर शिरीषनं पसंत केलं. शिरीष माझा नवरा, मूळचा नागपूरचा, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा. अशा माणसाला हातानं करायचं काम मिळालं की त्याचं भान सुटतं. बाकीचे मराठी मित्र नवीन वसाहतींत नवी कोरी घरं घेत होते, आणि हा मला जुन्या काचा दाखवत होता. ‘‘मृदुला, बघ ना, काच कशी लहरी-लहरी दिसते. हाताने केलेली आहे. आता मिळत नाही असली.’’ मला त्या काचेतून समोरचं झाड वाकडं दिसायचं आणि जराशी मान हलवली की झाडच हलायचं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण नवऱ्याच्या डोळ्यांतली चमक पाहून बायका कशाकशाला हो म्हणतात त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

खिडक्या मात्र बहुतेक सगळ्या बंद पडलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या रंगावर रंग फासून त्या चौकटीला चिकटल्या होत्या. ज्या उघडायच्या त्यांच्या दोऱ्या कुजलेल्या, त्यामुळे वर केलेली चौकट हात काढताच धाडकन खाली यायची. एकदा माझी बोटं थोडक्यात वाचली. काढून टाका आणि प्लास्टिकच्या बसवा, असं मी म्हटलं, तर शिकागोला लागून असलेल्या आमच्या या गावाचा नियम आडवा आला. वस्ती ऐतिहासिक, त्यामुळे खिडक्या लाकडीच राहिल्या पाहिजेत, जुन्या दुरुस्त करा. शिरीषला तर हेच हवं होतं. मार्चपासून त्यानं वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत आपला कारखाना मांडला. एकेक चौकट उतरवायची, काच सोडवायची, रंग खरवडून लाकडापर्यंत जायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, नव्या दोऱ्या ओवायच्या. जुनी दोरी कापली की भिंतीच्या आत वजन सुटायचं आणि खाली कुठेतरी जाऊन धप्प पडायचं. मी स्वयंपाकघरात असले तरी तो आवाज यायचा. भिंतीत कुणीतरी पडल्यासारखं वाटायचं.

शिशाचं आम्हांला माहीत नव्हतं, असं नाही. जुन्या रंगात शिसं असतं, लहान मुलांना ते वाईट, एवढं ठाऊक होतं. म्हणूनच तर शिरीषनं इतकी काळजी घेतली. सई त्या खोलीत कधी गेली नाही. दाराला प्लास्टिकचा पडदा, दाराखालच्या फटीला ओलं फडकं, तोंडाला मास्क. काम झालं की कपडे तळघरातच बदलायचे आणि अंघोळ केल्याशिवाय मुलीला घ्यायचं नाही. सोवळ्यातल्या माणसासारखा वागायचा तो, मी चेष्टाही करायची. आणि खोलीत धूळ साचू नये म्हणून उघड्या खिडकीत एक मोठा पंखा लावलेला, तोंड बाहेरच्या बाजूला. ‘‘सगळी धूळ बाहेर,’’ तो म्हणायचा, ‘‘घरात एक कण नको.’’ मला ते अगदी पटलं होतं. बाहेर म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

मे महिन्यात माझ्या सासूबाई आल्या. आईंना अमेरिकेचं अप्रूप नव्हतं, त्या नातीसाठी आल्या होत्या. सईनंही त्यांना लगेच आपलं म्हटलं. सई तेव्हा नुकती बोलायला लागली होती. चार-सहा शब्द होते तिच्याकडे, आणि ते ती दिवसभर पुरवून पुरवून वापरायची. काऊ, आजी, पाणी, नको. आई तिला कडेवर घेऊन मागच्या अंगणात फिरायच्या आणि प्रत्येक गोष्टीचं नाव सांगायच्या. मग जूनचं ऊन तापलं आणि त्यांना स्वस्थ बसवेना. ‘‘एवढं ऊन पडून राहिलं इथे आणि कोणी काही वाळत घालून नाही राहिलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाया चाललं ना सगळं.’’

ऊन वाया जातं ही कल्पना अमेरिकेत कुणाला सांगितली तर हसतील. पण आम्हा बायकांना ती बरोबर कळते. आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत गेलो, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत शिरीष करवादला, आणि साबुदाण्याच्या पिशव्यांनी डिकी भरून घरी आलो. आईंनी रात्री साबुदाणा भिजवला, सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवला, जिरं, मीठ, थोडी मिरची. मागच्या लाकडी ओट्यावर सगळ्यात कडक ऊन यायचं. तिथे आम्ही दोन टेबलं मांडली, त्यांवर त्यांची जुनी सुती लुगडी पसरली, आणि आईंनी पळीनं एकेक पापडी घातली. काय सुंदर दिसायच्या! पांढऱ्या, ओल्या, मधे मोत्यांसारखे दाणे. दुपारी त्या वरून सुकायच्या आणि आतून चिकट राहायच्या. ज्यांचं लहानपण आपल्याकडे गेलंय त्यांना सांगायला नको, वाळवणाची खरी मजा पूर्ण वाळण्याआधीच असते. आई एक अर्धवट वाळलेली पापडी कापडावरून सोलून काढायच्या आणि सईच्या हातात द्यायच्या. सई ती चघळत बसायची. तिच्या शब्दांत आणखी एक शब्द आला, पापई.

ओटा मागच्या खोलीच्या बरोबर खाली होता. वर पंखा फिरत होता.

वाळवणाची राखण करावी लागते, म्हणून आईंनी टेबलाशेजारी एक काळी छत्री उघडून ठेवली, कावळे बिचकतील म्हणून. पण कावळे आलेच नाहीत. त्या उन्हाळ्यात डासांमुळे कसलासा आजार पसरला होता आणि कावळे पटापट मरत होते. मेलेला कावळा दिसला तर हात लावू नका, फोन करा, असं बातम्यांत रोज सांगायचे. आमच्याही अंगणात एक पडला होता, कुंपणापाशी, पाय वर करून. सई बोट दाखवून ‘‘काऊ, काऊ’’ म्हणत राहिली आणि आईंनी तिचं तोंड आपल्या खांद्याकडे फिरवलं. ‘‘बरं दिसत नाही हे,’’ त्या पुटपुटल्या. मग टेबलाकडे वळून म्हणाल्या, ‘‘पण राखणीचं काम तर वाचलं.’’ मला आजही वाटतं, बाईनं छत्री लावली, कावळे नाहीत म्हणून निश्चिंत झाली, आणि जे खरंच वरून उतरत होतं ते पांढऱ्यावर पांढरं होतं. दिसणार कसं?

त्या महिन्यांतल्या सगळ्याच आठवणींना एक धसका आहे. कदाचित तो नंतर लागलेला असेल. गावात महिन्यातून एकदा मंगळवारी सकाळी चक्रीवादळाचा भोंगा वाजवून बघतात, चालतो की नाही ते. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा आईंच्या हातातली पळी तशीच थांबली. ‘‘काय झालं ग?’’ ‘‘काही नाही आई, टेस्ट करतात.’’ ‘‘आज काही नाही ना?’’ ‘‘नाही.’’ त्यांनी आभाळाकडे बघितलं. आभाळ निळंशार होतं, वारा मंद, वरून पॉलिश पेपरचा खरखर आवाज येत होता. शिरीषनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. भोंगा थांबल्यावर खरखर पुन्हा स्पष्ट ऐकू यायला लागली आणि आई पुढची पापडी घालू लागल्या.

जुलैत सई किरकिरी झाली. पोट दुखतंय असं हातानं दाखवायची, जेवायची नाही, झोपेतून रडत उठायची. दाढा येत असतील, असं मी म्हटलं. शिरीष म्हणाला, गरमी सहन होत नसेल. आईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली आणि मोहऱ्या गॅसवर टाकल्यावर वास आला नाही म्हणून म्हणाल्या, ‘‘बघ, किती लागली होती.’’ मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, सई काऊ म्हणेनाशी झालीय. नुसतं बोट दाखवते. मी म्हटलं, कावळेच नाहीत तर म्हणेल कशाला? पण मग पाणीसुद्धा म्हणेना. तिच्या मुठीतून एकेक शब्द गळून पडत होता आणि मी माझ्या मनाला कारणं पुरवत होते.

रक्त तपासणी नेहमीचीच होती, इथे या वयाच्या सगळ्या मुलांची करतात. बोटाला टोचून थेंब घेतला. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. नर्सचा आवाज इतका मऊ होता की मला आधीच भीती वाटली. दंडातून रक्त घेऊन पुन्हा तपासायचंय, उद्याच या, म्हणाली. दुसऱ्या तपासणीतही शिसं जास्तच निघालं. डॉक्टर बाई मध्यमवयीन होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. शिसं रक्तातून हळूहळू कमी होईल, पण काही हाडांत जाऊन बसेल. लोह द्या, दूध द्या, मुख्य म्हणजे ते येतंय कुठून ते शोधा आणि थांबवा. ‘‘तिच्या मेंदूला काही...’’ शिरीषनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित शाळेत गेल्यावर लक्षात येईल.’’ घरी आल्या आल्या शिरीष वर गेला, पंखा बंद केला, आणि खाली येऊन म्हणाला, ‘‘पण ती त्या खोलीत कधी गेलीच नाही.’’

मग सरकारी तपासनीस बाई आल्या, पेटी घेऊन. त्यांनी भिंतींना यंत्र लावलं, जमिनीवरून ओली फडकी फिरवली. खालच्या मजल्यावर फारसं काही निघेना. शिरीषचा बंदोबस्त खरंच चोख होता. त्या चक्रावल्या आणि मग त्यांनी आमच्या देशी वस्तूंची चौकशी सुरू केली. डोळ्यांत काजळ घालता का, हळद कुठून आणता, कपाळाला लावता ती पावडर दाखवा. मी आईंना भाषांतर करून सांगत होते. कुंकवाचा करंडा मागितल्यावर आईंचा चेहरा उतरला. ‘‘माझं कुंकू तपासणार ती? माझ्या कुंकवानं पोरगी आजारी पडली म्हणते?’’ ‘‘तसं नाही हो आई. त्या सगळंच तपासतात.’’ तरीही आईंनी करंडा स्वतःच्या हातानं आणून दिला, आणि घरी आलेल्या बाईला कोरडं कसं पाठवायचं म्हणून आत जाऊन पापड्या तळायला घेतल्या. इतकी साधी होती ती गोष्ट. पाहुणी आली, चहा ठेवला, ताटलीत चार पापड्या फुलवून आणल्या.

बाईंनी ताटलीकडे बघितलं. हसून आभार मानले आणि विचारलं, हे काय असतं, कसं करता? मी मागचं दार उघडून ओटा दाखवला. टेबलं, लुगडी, उन्हात पसरलेल्या पापड्या, छत्री. बाई ओट्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी पापड्यांकडे बघितलं आणि मग मान वर केली. मीसुद्धा वर बघितलं. खिडकीतला पंखा आमच्याकडे तोंड करून थांबलेला होता, आणि त्याच्या पात्यांवर पिठासारखा पांढरा थर होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. नंतर प्रयोगशाळेनं सांगितलं ते फक्त शिक्कामोर्तब. बाई एक ओली आणि एक वाळलेली पापडी प्लास्टिकच्या पिशवीत घालू लागल्या, आणि आई मला कौतुकानं म्हणाल्या, ‘‘घरी नेऊन राहिली का? दोनच कशाला, डबा भरून दे तिला.’’ मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते. आयुष्यात इतकं भ्यायलेली मी त्याआधी नव्हते आणि नंतरही नाही.

भीती तिथेच संपली असती तर एक वेळ बरं होतं. पण वाळवण कुणी एकट्यासाठी घालत नाही. आईंनी डबे वाटले होते. आमच्या ओळखीत केतकी होती, पुण्याची, पलीकडच्या गावात राहणारी, पाच-सहा महिन्यांची गरोदर. तिला डोहाळे लागलेत म्हणून तिला सगळ्यात मोठा डबा गेला होता. मी फोन केला. ‘‘काकूंच्या पापड्या ना? अगं, कधीच संपल्या! मी एकटीनेच फस्त केल्या, विचारू नको. यार, आणखी आहेत का?’’ मी तिला सांगितलं. मग ती म्हणाली, ‘‘मी ठेवते.’’ तिची तपासणी नीट आली, बाळही धडधाकट झालं. पण ती पुन्हा आमच्याकडे आली नाही आणि मी तिला दोष देत नाही.

आईंना सांगायचं नाही, असं शिरीषनं ठरवलं. ‘‘जुन्या घराची धूळ होती, एवढंच सांगू. पापड्यांचं कळलं तर ती जगणार नाही.’’ आम्ही पापड्या, लुगडी, अगदी ती छत्रीसुद्धा पिशव्यांत बांधून टाकून दिली, आई सईला घेऊन आत झोपल्या होत्या तेव्हा. ओल लागून बुरशी आली, असं सांगितलं. त्यांनी ‘‘बरं’’ म्हटलं. परतीचं तिकीट मात्र त्यांनी लवकरचं करून घेतलं. आम्ही काही महिने भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो, पांढरे सूट घातलेली माणसं येऊन घर धुऊन गेली, उरलेल्या खिडक्याही त्यांनीच केल्या. शिरीषनं त्यानंतर हातात पॉलिश पेपर धरला नाही. आमच्यात त्यावरून भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, कारण तो अजूनही सईला जवळ घ्यायच्या आधी हात धुतो, आणि मी ते न बघितल्यासारखं करते.

खिडक्या फार सुंदर झाल्यात, हेच वाईट आहे. एका बोटानं वर जातात. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून कौतुक करतात, तुम्ही घराचा आत्मा जपलात म्हणतात. मी थँक्यू म्हणते.

सईच्या रक्तातलं शिसं उतरलं. शब्द परत आले, आणखी पुष्कळ आले, आता तर ती इंग्रजीत इतकी बडबड करते की थांब म्हणावं लागतं. पण वाचताना ओळ सुटते. काल पाठ केलेलं आज आठवत नाही. शूजची लेस अजून बांधता येत नाही. तिची टीचर म्हणते, काही मुलांना वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात, असंही असू शकतं आणि तसंही. इतर आया मुलगी विसरली की रागावतात आणि विसरून जातात. मी रागावू शकत नाही. तिच्या हातून पेन्सिल पडली तरी माझ्या मनात त्या पंख्याचं पातं फिरतं. शेजारणीचा मुलगाही धांदरट आहे, पण तो नुसता धांदरट आहे. माझी मुलगी काय आहे हे मला कोण सांगणार?

दर रविवारी नागपूरहून फोन येतो. आई शिरीषशी दोन मिनिटं, माझ्याशी चार मिनिटं बोलतात आणि मग म्हणतात, ‘‘सईला दे.’’ तिच्याकडून त्या पाढे म्हणून घेतात. मला कधीकधी वैताग यायचा, नातीशी गप्पा मारायच्या सोडून हे काय मास्तरासारखं. मागच्या रविवारी गल्लीत खिडक्या उघडत होत्या, शिरीष बाहेर गेला होता, आणि मी बोलायला विषय म्हणून सहज विचारलं, ‘‘या वर्षीचं वाळवण झालं का आई?’’

‘‘नाही घालत मी.’’

‘‘का? तब्येत बरी नाही का?’’

‘‘तिथून आल्यापासून घातलं नाही, मृदुला. एकदाही नाही.’’ मग म्हणाल्या, ‘‘ती बाई वर पाहून राहिली होती तेव्हा मी दारातच होती ना. मी पण पाहिलं वर. ती लुगडी गायब झाली तेव्हा कळलं.’’

मी नुसतं ‘‘आई’’ म्हटलं.

‘‘शिरीषला सांगू नको. त्याला वाटतं मला माहीत नाही, तर वाटू दे. माझ्या हातानं भरवलं मी तिला. तो आपल्या पंख्याला धरून बसला असेल, त्यात माझं कशाला?’’ त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीला काय केलं विचारावं तसा. ‘‘दे तिला फोन. नवाचा म्हणायला लाव. मागच्या वेळी मधेच अडकली होती.’’

मी सईला हाक मारली आणि स्पीकर लावला. ती सोफ्यावर उलटी लोळत पाढा म्हणू लागली, नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा. नीट चाललं होतं. नऊ सक चोपन्न झालं. ‘‘नऊ साती...’’ म्हणून ती थांबली. मला उत्तर माहीत होतं, आईंना माहीत होतं, आणि दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही. बाहेर कुणाची तरी खिडकी वर गेली. सईनं डोळे घट्ट मिटले, बोटं मोजायला घेतली, सोडून दिली.

‘‘वेट, आजी,’’ ती म्हणाली. ‘‘सांगू नको. मला येतंय.’’

‘‘नाही सांगत, बेटा,’’ आई म्हणाल्या. ‘‘आम्ही थांबतो.’’